दुबईत व्हॉट्सॲपच्या निरोपावर घर सोडू नका

गेल्या महिन्यात नवीनच आलेल्या एका जोडप्याचा फोन आला. मालक घर सोडायला सांगतोय, तीन आठवडे आहेत, सामान बांधायला घेतलंय. ऐकून पोटात खड्डा पडला, कारण २०१४ साली इथल्या करामा भागातलं घर मी असंच सोडलं होतं.

करार संपायला महिना असताना मालकाने व्हॉट्सॲपवर कळवलं, ‘मुलगा राहायला येतोय.’ बायकोला सातवा महिना. परक्या देशात वाकड्यात कशाला शिरायचं, म्हणून मी हो म्हणालो. दलाली, नवं डिपॉझिट, टेम्पो यांत महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे गेले. तीन आठवड्यांनी तेच घर वाढीव भाड्याने जाहिरातीत! फोटोत ओट्यावर मी ठोकलेली मसाल्याची फळी तशीच होती.

मालकाला स्वतःला राहायला किंवा विकायला घर हवं असेल, तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने बारा महिने आधी नोटीस द्यावी लागते. बारा महिने! आणि स्वतःसाठी म्हणून रिकामं करून घेतलेलं घर दोन वर्षं दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. हे मला घर सोडल्यावर कळलं.

भाडेवाढही ९० दिवस आधी कळवावी लागते. तुमचं भाडं बाजारभावापेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य, आणि कितीही कमी असलं तरी २० टक्क्यांच्या वर नाही. हा नियम २०१३ पासून आहे. जानेवारी २०२५ पासून दुबईच्या भूमी विभागाच्या भाडे निर्देशांकात इमारतीनुसार भाडं बघता येतं. मालकाशी बोलण्याआधी ते बघा.

इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, केल्याशिवाय राहायला जाऊ नका. फ्लॅटसाठी वीज-पाण्याचं डिपॉझिट २,००० दिरहम. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के पालिकेचा कर त्याच बिलातून दरमहा थोडा थोडा जातो, तो हिशेबात धरा. चिलरचं, म्हणजे इमारतीच्या एसीच्या थंडाव्याचं, बिल कोण भरणार, हे आधीच विचारा.

भाडी पुढे कुठे जातील? इथला बाजार २००८ च्या अखेरीस कोसळला, २०१४ नंतर सहा वर्षं उतरत गेला आणि २०२१ पासून चढला. मे २०२५ मध्ये फिच या पतमापन संस्थेने घरांच्या किमती १५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतात असा अंदाज दिला, कारण नवीन घरं मोठ्या संख्येने ताब्यात मिळणार आहेत. त्यामुळे घाबरून दोन वर्षांचा करार करू नका. मेट्रोची ब्लू लाइन २०२९ ला यायची आहे. तिच्या मार्गावरच्या मिरदिफ, इंटरनॅशनल सिटीकडे भाडं तेव्हा वाढूही शकेल, पण त्यासाठी आजच जास्त मोजायचं कारण नाही.

एक गोष्ट मनाला लागते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असतानाच आपलाच माणूस नवख्याला नकाशावरचा, अजून बांधलाही नसलेला फ्लॅट विकायला बघतो. त्याला त्यात कमिशन असतं. पहिली दोन वर्षं कुणी कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा.

त्या जोडप्याला मी बांधलेलं सामान परत उघडायला लावलं. मालकाला त्यांनी लेखी उत्तर दिलं, की बारा महिन्यांची नोटीस पाठवा. अजून ती आलेली नाही.