चेरी, अमानो आणि बांबू श्रिंप एकाच टँकमध्ये असतील तर खायला कसं घालायचं

चेरी, अमानो आणि बांबू हे मत्स्यालयात पाळायचे श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. टँकमध्ये एक पेलेट, म्हणजे खाण्याची गोळी, टाका आणि समोर बसून नुसतं बघा. आधी चेरी येतात, चार-पाच जणी पेलेटवर चढतात, मग कुठूनतरी अमानो येतो, सगळ्यांना बाजूला सारतो, पेलेट पायांत घट्ट धरतो आणि चक्क उचलून पोहत लाकडाच्या मागे जाऊन बसतो. चेरी बिचाऱ्या सांडलेला चुरा वेचत राहतात. बांबू श्रिंपला तर या सगळ्याचा पत्ताच नसतो, तो आपला फिल्टरच्या धारेसमोर पायांवरचे पंखे उघडून उभा. हे बघून बरेच जण एकाच्या तीन पेलेट करतात आणि तिथेच घोळ होतो. अमानोचं पोट भरतं, बाकीचं सडतं, पाणी खराब होतं आणि ज्याला मिळत नव्हतं त्याला तरीही मिळत नाहीच. खाणं वाढवायचं नाही, वेगवेगळ्या जागी वाटायचं, एवढीच खरी गोष्ट आहे.

गंमत म्हणजे हे तिघंही एकाच कुळातले, ॲटिडी. पुढच्या पायांच्या दोन जोड्यांच्या टोकाला केसांचे छोटे झुबके असतात. चेरी आणि अमानो त्यांनी पानं, दगड, काच यांच्यावरचा बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म खरवडून खातात. चेरी अडीच-तीन सेंमीची, अमानो चार-पाच सेंमीचा, त्यामुळे अमानो धाग्यासारखं चिवट शेवाळही ओरबाडतो. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी ॲक्वास्केपरने, म्हणजे टँकमध्ये वनस्पतींचे देखावे रचणाऱ्याने, शेवाळ काढायला हे श्रिंप वापरायला सुरुवात केली, म्हणून ते नाव पडलं. बांबू श्रिंपमध्ये तेच केस वाढून पंखे झालेत, तो वाहत्या पाण्यातले कण गाळतो आणि एकेक पंखा मिटून तोंडात पुसून घेतो. जरा जवळून बघाच, तासभर कसा जातो कळत नाही.

शाळेत पॅरामेशियमची आकृती काढली असेल. १९३० च्या दशकात गॉज नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने या एकपेशीय जीवांवरचे प्रयोग मांडले होते, दोन जाती एकाच खाण्यावर ठेवल्या तर एक संपून गेली, पण दुसऱ्या एका जोडीत एकजण वर तरंगणारे बॅक्टेरिया खायचा आणि दुसरा तळाचं यीस्ट, तर दोघंही टिकले. आपल्या टँकमध्ये आपण नेमकं हेच जमवायचंय.

सगळ्यात आधी पानं, कारण ते चोवीस तास उघडं असलेलं दुकान आहे. देशी बदामाचं झाड पुण्यात कितीतरी सोसायट्यांत असतं, हिवाळा संपता संपता पानं लाल होऊन गळतात. खाली पडलेलं, पूर्ण वाळलेलं, तपकिरी पान घ्या, धुवा, उकळून घ्या म्हणजे बुडतं. काही दिवसांत त्याच्यावर थर धरतो आणि शेवटी पानाच्या नुसत्या शिरा उरतात. तुतीचं किंवा शेवग्याचं पानही चालतं. पिल्लांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण ती जन्मली तिथेच आसपास राहतात, पेलेटपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून पानं आणि जावा मॉस (टँकमध्ये लावायचं शेवाळासारखं झाड) टँकभर दोन-तीन ठिकाणी ठेवा. पण जिथे डासांची फवारणी होते तिथलं पान उचलू नका. कीटकनाशकं कीटकांसारखीच श्रिंपलाही मारतात आणि अगदी थोडी पुरतात. सोसायटीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद, टँकवर झाकण आणि एअरपंप थोडा वेळ बंद.

पेलेटच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, आधी एका कोपऱ्यात अमानोसाठी पेलेट टाका आणि ते तिकडे गुंतले की दहा मिनिटांनी दुसऱ्या टोकाला दुसरी पेलेट चुरून पसरा. चुरा कोणाला उचलून नेता येत नाही, म्हणून चेरींना निवांत मिळतो. मंडईतला दुधी, दोडका, काकडी चालेल, पण साल काढून, नीट धुऊन, वाफवून. दोन-तीन तासांत उरलेलं काढा, आणि एप्रिल-मे मध्ये पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं की तासाभरातच काढा, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो आणि सडणारं खाणं तोही खाऊन टाकतं.

बांबू श्रिंपचं वेगळं. स्पिरुलिना या हिरव्या शेवाळाची पावडर टँकच्याच पाण्यात कालवा आणि ड्रॉपरने धारेच्या वरच्या बाजूला थेंब थेंब सोडा, म्हणजे वाहत त्याच्या पंख्यांपर्यंत जाईल. तो खाली उतरून पंख्यांनी वाळू टोकरायला लागला तर उपाशी आहे असं समजा. नुसत्या स्पंज फिल्टरवर त्याला हवी तशी धार मिळत नाही, मोटरवाला पॉवर फिल्टर लागतो, फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज लावा, पिल्लं ओढली जात नाहीत आणि त्या स्पंजवरही सगळे चरतात.

चेरी गोड्या पाण्यात वाढत राहतात, अमानोच्या पिल्लांना मात्र खारं पाणी लागतं, त्यामुळे अमानो तेवढेच राहतात आणि चेरींची संख्या तुमच्या खाण्यावर ठरते. जास्त झाल्या तर मित्रांना द्या, मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका, प्लीज. आणि दुकानात ग्लास श्रिंप म्हणून जे मिळतं ते घ्यायच्या आधी पायांची दुसरी जोडी बघा. लांब आणि चिमटेवाली असेल तर ती मॅक्रोब्रॅकियम या चिमटेवाल्या कोळंबीची पिल्लं, मोठी झाली की वाटणी वगैरे काही नाही, नुकती कात टाकलेली चेरीच खातात.

गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना पेलेटचा डबा देऊन जाऊ नका. ते प्रेमाने चमचाभर टाकतील. सेट झालेल्या, म्हणजे जुन्या आणि थर धरलेल्या, टँकमध्ये दोन जास्तीची पानं टाका, पॉवर फिल्टरचा स्पंज बघून घ्या आणि बिनधास्त जा.