जपानमध्ये नवीन आलेल्या व्हेजवाल्यांनो, सीवीड खा पण पाकीट उलटं करून बघा

टोकियोच्या निशी-कासाईत सारखं कुणीतरी नवीन मराठी कुटुंब येतं आणि ग्रुपवर एखादा जुना माणूस छातीठोक सांगतो, अहो सीवीड म्हणजे समुद्रातली भाजी, बिनधास्त खा. भाजी आहे हो, पण ती कुठल्या पाण्यात पडलीय ते कोण बघणार? मिसो सूपमधला वाकामे, तेही सीवीडच, तो व्हेज, पण खालचं पाणी दाशीचं, म्हणजे जपानी स्टॉकचं, आणि दाशी बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीची, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या किसाची. 'निकु नको' म्हणालात तर वेटर हसून मान डोलावतो आणि तेच सूप आणतो, कारण इथे निकु म्हणजे चिकन-मटण, मासा त्यात धरतच नाहीत. त्याची काय चूक? 'कात्सुओ दाशी हाइत्तेमासु का', म्हणजे 'ह्यात माशाची दाशी आहे का', एवढं पाठ करून ठेवा.

कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, कोम्बूच्या (जाड सीवीडच्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यात, गोडसर अजित्सुके नोरीत, म्हणजे चव लावलेल्या सीवीडच्या पातळ कागदांत, इन्स्टंट सूपमध्ये, सगळीकडे माशाचा अर्क असू शकतो. फोनचा भाषांतर करणारा कॅमेरा मागच्या बारीक अक्षरांवर धरा, कात्सुओ किंवा ग्योकाई (मासे-शिंपले) दिसलं की परत ठेवा. पुढचं चित्र बघून घेऊ नका, परत सांगतोय.

त्यापेक्षा घरीच करा. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू, रात्रभर फ्रीजमध्ये. वरची पांढरी पूड बुरशी नाही, त्यातच चव असते, धुवू नका, फडक्याने नुसतं पुसा. सकाळी मंद गॅसवर ठेवून तळाला बुडबुडे आले की कोम्बू काढा, उकळलात तर बुळबुळीत होतं. 1908 मध्ये किकुनाए इकेदांनी ह्याच कोम्बूतून ग्लुटामेट हा चव आणणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटलं, त्यामुळे मासा नसला तरी काही अडत नाही. आमच्याकडे ह्या पाण्यात मुगाची आमटीसुद्धा होते, सासूबाईंना अजून पत्ता नाही.

पण थायरॉइडवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. कोम्बूत आयोडीन प्रचंड, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम पुरतं आणि एका ग्रॅम कोम्बूत त्याच्या कितीतरी पट असतं, ते पाण्यातही उतरतं. 'हेल्दी आहे' म्हणून रोज उपाशीपोटी कोम्बूचं पाणी पिणारे आपलेच लोक बघितलेत, कशाला ते?

हिजिकी ह्या काळ्या सीवीडमध्ये आर्सेनिक असतं, लहान मुलांना देऊ नका.

सुका वाकामे चिमूटभरच घ्या, भिजून दहापट फुगतो. नोरी पापडासारखी सादळते, डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, तरी मऊ पडलीच तर गॅसवरून झटकन फिरवा.

जेलीसाठी जिलेटिन नको, कान्तेन घ्या, आपलं चायना ग्रास तेच.