नॅशनल पार्कांची उन्हाळी रोड ट्रिप: या चुका टाळा

सात दिवस, पाच पार्कं, तीन राज्यं. अमेरिकेतल्या आमच्या पहिल्या रोड ट्रिपचा तक्ता मी एक्सेलमध्ये केला होता आणि तो दिसायला फार देखणा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या सीटवरून बाबांनी शांतपणे विचारलं, "आज काही बघणार आहोत, की नुसतंच जाणार आहोत?" मुलं झोपलेली, आईचे पाय सुजलेले, आणि मी पुढच्या हॉटेलचं चेक-इन चुकू नये म्हणून गाडी हाणतोय. त्यानंतर बऱ्याच ट्रिपा झाल्या. घोटाळा रस्त्यात दिसतो खरा, पण तो बहुतेक वेळा घरीच, नकाशासमोर बसून केलेला असतो.

अंतर मैलांत मोजणं

यलोस्टोन म्हणजे एक ठिकाण असं आपण धरतो. प्रत्यक्षात ते सुमारे ९,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरेल. आतला इंग्रजी आठाच्या आकाराचा मुख्य रस्ताच १४२ मैलांचा. वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, आणि तीही कागदावर, कारण गवे (बायसन) रस्त्यावर आले की अर्धा तास कुणीच हलत नाही. हॉर्न वाजवून काही होत नाही. काचा वर घ्या, इंजिन बंद करा आणि बघा, त्यासाठीच तर आलात.

माझा हिशेब आता असा: पार्काच्या आत फोन जो वेळ सांगेल त्याची दीडपट धरायची. ज्या दिवशी पाच तासांहून जास्त ड्रायव्हिंग आहे तो दिवस 'प्रवास' म्हणून लिहायचा, त्यात पार्क कोंबायचं नाही. आणि मोठ्या पार्काला निदान दोन रात्री. आठवड्याला दोन, फार तर तीन पार्कं. यूटातल्या झायन आणि ब्राइस या पार्कांसारखी जवळची जोडी असेल तर ठीक, त्यांच्यात दोन तासांचंच अंतर आहे.

नाव तेच, जागा वेगळी

लास व्हेगासहून 'ग्रँड कॅन्यन' म्हणून निघालेली बरीच कुटुंबं भलतीकडेच पोचतात. काचेचा स्कायवॉक जिथे आहे ते ग्रँड कॅन्यन वेस्ट हुआलापाई या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहे. ते नॅशनल पार्क नव्हे आणि तिथे पार्काचा पास चालत नाही. जागा वाईट नाही, पण मुलांनी पुस्तकात पाहिलेला कॅन्यन हवा असेल तर साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठावर जायचं, जे व्हेगासहून साधारण २८० मैल, एका बाजूने साडेचार तास आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे असतात. लहान मुलं आणि सत्तरीचे आईवडील घेऊन ते धाडस करू नका.

साउथ रिम आणि नॉर्थ रिम यांतही फसगत होते. पक्षी दहा मैल उडून पलीकडे जाईल. गाडीला मात्र वळसा घालून सुमारे २१५ मैल जावं लागतं. राहण्याचं बुकिंग एका काठावर आणि बाकी बेत दुसऱ्या काठावर असं केलेले लोक मी पाहिलेत. नॉर्थ रिमवरचं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळालं, तेव्हा तिकडचा बेत असेल तर काय उघडं आहे ते आधी पाहा.

घड्याळाचंही एक त्रांगडं आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारचं यूटा करतं, आणि ॲरिझोनाच्याच पोटातला नवाहो जमातीचा प्रदेश, नवाहो नेशन, तोही करतो. त्या भागात गाडी चालवताना फोनवरची वेळ तासाभराने मागेपुढे उड्या मारते. तिथल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीची टूर गाइडशिवाय करता येत नाही आणि ती पेज गावच्या वेळेनुसार, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेनुसार निघते. आम्ही एकदा तासभर आधी पोचलो. उलटं झालं असतं तर माणशी भरलेले पैसे गेले असते. तिकीट काढतानाच विचारून घ्या: "ही वेळ कुठली?"

पास आणि परमिट गृहीत धरणं

वर्षभराचा पास ८० डॉलरचा आणि गाडीतल्या सगळ्यांना चालतो, ही माहिती इतकी मुरली आहे की लोक पुढचं वाचतच नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. शिवाय यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन अशा ११ गर्दीच्या पार्कांत, असा पास नसेल तर १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा आहेत. आईबाबा भारतातून आलेले असतील तर तुमच्या गाडीला नक्की कोणता नियम लागतो ते निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वाचा, गेटवर मागे वीस गाड्या उभ्या असताना नको. वय ६२ झालं म्हणून सीनियर पास मिळेल अशीही समजूत असते. तो फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावरच्या आजी-आजोबांना नाही. आणि कार्ड जवळ ठेवा, कित्येक पार्कांच्या गेटवर रोख घेतच नाहीत.

झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या पायवाटेला २०२२ पासून लॉटरीचं परमिट लागतं. काही पार्कांत आत शिरण्याची वेळच आधी आरक्षित करावी लागते, आणि ही यादी वर्षागणिक बदलते. गेल्या वर्षी मित्र कसा गेला होता यावर विसंबू नका.

आतलं लॉज किंवा कॅम्पग्राउंड मिळालं नाही म्हणून ट्रिप रद्द करणारेही आहेत. घाई करू नका. लोक शेवटच्या दोन आठवड्यांत भराभर बुकिंग सोडतात, रोज सकाळी एकदा बघत राहायचं. नाहीच मिळालं तर पार्काला लागून असलेलं नॅशनल फॉरेस्ट किंवा स्टेट पार्क बघा. यूटातल्या मोॲब गावाजवळचं डेड हॉर्स पॉइंट हे स्टेट पार्क तर मला खुद्द नॅशनल पार्कापेक्षा आवडलं, आणि हे मी चारचौघांत म्हणतो.

महिना न बघता निघणं

उन्हाळा म्हणजे सगळं उघडं, हे खरं नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कातला गोइंग-टू-द-सन रोड बर्फ काढून पूर्ण खुला व्हायला बहुतेक वर्षी जून संपतो, कधी जुलै उजाडतो. (भाड्याची मोठी आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेणार असाल तर त्याच्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांहून लांब वाहन चालत नाही.) उलट योसेमिटीचा २,४२५ फुटांचा धबधबा बघायला ऑगस्टमध्ये गेलात तर बरेचदा समोर नुसता ओला कातळ असतो. धबधब्यासाठी मे-जून, उंचावरच्या रस्त्यांसाठी जुलै-ऑगस्ट. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये क्वचित जमतं.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. सकाळी दहाला पोचलात तर पार्किंग भरलेलं असणार, आणि मग नवराबायकोत जे संवाद होतात ते मुलांनी ऐकू नयेत. सहाला निघा, अकराला परत या, दुपारी सगळे आडवे व्हा, चारनंतर पुन्हा निघा. उजेड आठपर्यंत असतोच. झायनच्या मुख्य दरीत तर शटल सुरू असताना खासगी गाडी नेताच येत नाही, तेव्हा पार्किंगसाठी आत फेऱ्या मारण्याचा प्रश्नच मिटतो.

ऊन, पाणी आणि दरी

इथे जरा थांबून वाचा, कारण बाकीच्या चुकांनी मूड जातो, या चुकांनी जीव जातो.

डोंगर चढताना दम लागला की माणूस परत फिरतो. कॅन्यनमध्ये आधी उतार असतो, दम लागतो तेव्हा तुम्ही तळाकडे गेलेले असता. ग्रँड कॅन्यनचा काठ सुमारे ७,००० फुटांवर, हवा बरी असते. जसजसं उतराल तसतसं तापमान वाढतं आणि वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो. उन्हाळ्यात दहा ते चार दरीत चालू नका, असं रेंजर ओरडून सांगतात. मुलांबरोबर असाल तर वीस मिनिटं उतरा आणि मागे फिरा.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. पण नुसतं पाणी ढोसणं हीसुद्धा चूक आहे, बरोबर खारट काहीतरी खात राहायला हवं, नाहीतर अंगातलं मीठ उतरतं. मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं, की सावलीत बसवा, टोपी आणि शर्ट ओला करा, घोटघोट पाणी आणि खारं द्या. बोलण्यात असंबद्धपणा आला तर वाट बघू नका, ९११ लावा.

डेथ व्हॅली वाटेत आहे म्हणून जुलैच्या बेतात घालणाऱ्यांना माझा साफ विरोध. १० जुलै १९१३ ला तिथे १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस नोंदलं गेलंय. गाडीचा काटा तापू लागला तर एसी बंद, हीटर चालू, आणि जागा मिळताच बाजूला थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. भाड्याची गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून जास्तीचं चाक आहे ना हे पाहा, हल्ली कित्येक गाड्यांत ते नसतंच.

नैर्ऋत्येकडच्या राज्यांत जुलै ते सप्टेंबर दुपारचे पाऊस येतात. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. पाऊस मैलोगणती दूर पडला होता. अरुंद घळीत शिरण्याआधी त्या दिवशीचा पुराचा इशारा व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या, की जिथे असाल तिथून उंच जागी चढा. बाहेर पळत सुटण्याएवढा वेळ नसतो.

फोटोसाठी जवळ जाणं

गवा आणि एल्क या मोठ्या हरणापासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड. हात लांब करून एक डोळा मिटा, अंगठ्याआड प्राणी पूर्ण झाकला गेला तर अंतर ठीक. गवा मठ्ठ दिसतो, पण ताशी ३५ मैल पळतो. यलोस्टोनच्या गरम कुंडांपाशी तर लाकडी वाट सोडूच नका, वरचा थर पापुद्र्याइतका असू शकतो आणि आजवर वीसहून जास्त माणसं भाजून मेली आहेत. टोपी उडाली? गेली. दुसरी घ्या.

बारीकसारीक

पार्कात फोनला रेंज नसते. नकाशा, पार्क सर्व्हिसच्या ॲपमधली माहिती, तिकिटांचे स्क्रीनशॉट हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवा. टाकी अर्धी झाली की भरा. फोन कच्च्या रस्त्याने 'वीस मिनिटं वाचतील' म्हणाला तर त्याचं ऐकू नका. ड्रोन घरी ठेवा, बंदी आहे.

आणि मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका व्हिजिटर सेंटरमध्ये पहिल्या दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात मागून घ्या. आम्ही शेवटच्या संध्याकाळी घेतली. धाकटीने भराभर कोडी सोडवली, चित्रं रंगवली, आणि बॅज घ्यायला धावत गेलो तर दार बंद. पुढचे दोनशे मैल गाडीत रडारड होती.