अवघड पेपरासाठी अभ्यासगट कसा बसवावा

कॉलेजात अभ्यासगट काढायचा म्हटलं की पहिली यादी निघते ती नापासांची. गट तिथेच बुडतो. एकदा 'कच्च्यांचा वर्ग' असं नाव पडलं की ज्यांना गरज आहे तेच त्या खोलीकडे फिरकत नाहीत. १९७३ साली अमेरिकेतल्या मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात डियाना मार्टिन यांनी 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू केलं. त्यात कच्चं कोण हे शोधत न बसता अवघड पेपर कोणता ते पाहतात आणि गट सगळ्यांना खुला ठेवतात. म्हणून आधी मागच्या दोन वर्षांचे निकाल काढा आणि सगळ्यात जास्त मुलं नापास होऊन केट्या लागलेला एकच पेपर धरा. एफवाय बीएस्सीला बहुतेक वेळा तो गणिताचा निघतो. पुढचं उदाहरण त्याचंच.

गट चालवायला एसवायचा विद्यार्थी घ्या, पण टॉपर नको. टॉपरला मुलं कुठे अडतात तेच दिसत नाही. 'हे तर सोपं आहे' म्हटलं की समोरचा गप्प. धडपडून चांगले मार्क मिळवलेली ताई किंवा दादा बरा. त्यांनी एफवायच्या तासांना पुन्हा बसावं; ते वेळापत्रकात जमत नसेल, तर एफवायच्या एखाद्याची वही दर आठवड्याला चाळायला लावा. मानधनाचं विचाराल तर हे काम कमवा व शिका योजनेत बसतं का, ते प्राचार्यांना सुरुवातीलाच विचारून घ्या.

वेळ शेवटच्या तासानंतरची ठेवू नका. एसटी गाठायची असलेली मुलं पहिल्याच दिवशी गळतात. लेक्चर आणि प्रॅक्टिकल यांच्या मधला रिकामा वेळ शोधा. आठवड्याला ९० मिनिटं, वीस-चोवीस मुलं, चौघांचा एक गट. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, नाहीतर एकाच गावची चौघं एका बाकावर येतात. चौघांत प्रश्नपत्रक एकच द्या. प्रत्येकाला दिलं की चौघं चार दिशांना तोंडं करून सोडवत बसतात.

खरी मेहनत या पत्रकात आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात उरी ट्रीसमन यांनी १९७० च्या दशकात पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी एकेकटे अभ्यास करत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः सोडवून मग एकत्र बसून पडताळत. त्यांच्या कार्यशाळेत मूलभूत उजळणीऐवजी अवघड गणितं होती. आपल्या पत्रकात पाच प्रश्न पुरेत: एक सोपा, तीन मध्यम, एक त्या दिवशी बहुधा न सुटणारा. उदाहरणार्थ: f(x) = x|x| हे शून्यापाशी डिफरन्शिएबल आहे का? |x| नाही, म्हणजे हेही नाही, असं निम्मा वर्ग म्हणेल. ताईने 'चूक' म्हणू नये. 'व्याख्या लिहून बघा' एवढंच म्हणावं. h|h| ला h ने भागलं की |h| उरतो, तो शून्याकडे जातो. डेरिव्हेटिव्ह आहे, आणि ते शून्य आहे. फळ्यावर हे मुलांच्याच हातून उतरलं पाहिजे.

वेळ अशी वाटा: १० मिनिटं एकट्याने, ५० गटात, २० फळ्यावर, उरलेली १० पुढच्या आठवड्याला कुठला धडा हवा ते ठरवायला.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. ताई खडू हातात घेऊन शिकवू लागते आणि अभ्यासगटाचा जादा तास होतो; खडू मुलांकडेच राहील, हा नियम पहिल्या दिवशी करा. चौघांतला एक पटापट लिहितो, बाकीचे उतरवतात. दर प्रश्नाला लिहिणारा बदला, आणि फळ्यावर पाठवा तो न लिहिणाऱ्याला. तिसरं म्हणजे उत्तरांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, मग येण्याचं कारणच उरत नाही. त्या ग्रुपवर फक्त खोली आणि वेळ टाका.

हजेरी घ्या, पण तिचे मार्क देऊ नका. सत्राअखेरी येणाऱ्यांचे आणि न येणाऱ्यांचे मार्क शेजारी ठेवून लगेच खूश होऊ नका. हौशी मुलं तशीही जास्त येतात. त्यापेक्षा दोन्ही गटांतल्या मुलांचे बारावीचे गणिताचे मार्क आधीच टिपून ठेवा आणि बारावीला सारख्याच मार्कांवर असलेल्यांची तुलना करा.