पिकअपमागची दोन चाकी ट्रॉली ५० च्या पुढे शेपूट हलवायची, अखेर थांबली (माझा अनुभव)

जळगावहून ठिबकचे पाइप अन मोटर भरून पारोळ्याकडे निघालं की ५० च्या वर ट्रॉली डावी-उजवी झोले खायची, ट्रक बाजूने गेला तर जास्तच. टायर बदलले, बेरिंग बदललं, हुक घट्ट केला, काही फरक नाही. पार डोकं फिरलं होतं भो!

चूक निघाली माल भरण्यात, जड मोटर मी मागे ठेवायचो, उतरवायला सोपी म्हणून.

आधी भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावले, दांडा (ट्रॉलीचा पुढचा, जो पिकअपच्या हुकात अडकतो) हुकाच्याच उंचीवर ठोकळ्याने टेकवून खाली धान्याचा काटा ठेवला. एकूण वजन ८०० किलो, दांड्यावर फक्त ३०! पाहिजे १० ते १५ टक्के, म्हणजे ८० ते १२०. मग मोटर एक्सलच्या पुढे सरकवली, परत मोजलं, ९५ आलं. माल दोरीने आवळला, टायरची हवा भरली, साखळ्या दांड्याखालून क्रॉस लावल्या, दिवे तपासले. आता ६० ला पण सरळ चालते.

कधी डोललीच तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा.