लाइट गेली तरी काम टिकवणारं टर्मिनल

डिचोलीत पावसाळा सुरू झाला की माडाची झावळी तारांवर पडायला वेळ लागत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि दूरच्या सर्व्हरवर चाललेलं डेटाबेसचं मायग्रेशन अर्ध्यावर तुटतं. गोव्यात घरून काम करणाऱ्यांनी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) सजवायच्या आधी टिकाऊ करावं, असं माझं ठाम मत आहे. रंग, फॉन्ट सगळं नंतर. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

सुरुवात टीमक्सपासून करा (जोडणी तुटली तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम), आणि ते लॅपटॉपवर नव्हे, सर्व्हरवर बसवा. जिवंत राहायला हवी ती तिथली प्रोसेस. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरला सुरक्षितपणे जोडणारी सोय) आत गेल्यावर 'टीमक्स न्यू -ए -एस काम' द्या. यातला ए कॅपिटल, एस स्मॉल. 'काम' नावाचं सेशन आधीपासून असेल तर ही कमांड तुम्हाला त्यात नेते, नसेल तर नवं उघडते. त्यामुळे आधी काय उघडलं होतं ते आठवत बसावं लागत नाही. कंट्रोल-बी दाबून सोडा, मग डी दाबा, की तुम्ही बाहेर. आतलं काम चालूच. कंट्रोल-बी बदलून कंट्रोल-ए करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो मानत नाही, कारण बॅशमध्ये (कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजेच शेल) कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि ते मला सतत लागतं. टीमक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सेट -जी हिस्टरी-लिमिट 50000' मात्र जरूर घाला. मुळात फक्त 2000 ओळी साठतात आणि लांबलचक टेस्टमधली पहिली एरर त्यात वाहून जाते. एक मर्यादा लक्षात असू द्या: सर्व्हरच रीबूट झाला तर सेशनही जातं. कायम चालायला हवी अशी सेवा सिस्टमडीकडे (लिनक्समध्ये सेवा चालवणारा प्रोग्रॅम) सोपवा.

राउटर गेला की एसएसएचची खिडकी गोठते आणि काही टाइप होत नाही. ती बंद करायची गरज नाही. एंटर, मग टिल्ड, मग पूर्णविराम, असे ओळीने दाबा. जोडणी तिथल्या तिथे सुटते. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 15' लिहिलंत तर सुमारे 45 सेकंदांत तुटल्याचं आपोआप कळतं, कारण तीन हाकांना उत्तर आलं नाही की एसएसएच हार मानतं.

याच्याही पुढे जायचं असेल तर एसएसएचच्या जागी मॉश वापरा. राउटरवरून मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात की आयपी पत्ता बदलतो आणि एसएसएच तुटतं, मॉश टिकतो. तो लॉगिन एसएसएचनेच करतो, पुढचं बोलणं यूडीपीवर (कायम जोडणी न लागणारी डेटा पाठवायची पद्धत). चवथीला सत्तरीतल्या मूळ घरी रेंज कमी-जास्त होत असते, तेव्हा हा फरक प्रत्येक अक्षरागणिक जाणवतो. मॉश तुमचं टायपिंग उत्तराची वाट न पाहता लगेच दाखवतो. सर्व्हरवर यूडीपीचे 60000 ते 61000 हे पोर्ट उघडे लागतात, ते आधी विचारून घ्या. मॉशमध्ये मागे स्क्रोल करता येत नाही, म्हणून आत टीमक्स हवाच. सगळं बसलं की कोरड्या दिवशी मुद्दाम राउटरचा प्लग काढून बघा.

आता हिस्टरी, म्हणजे आधी दिलेल्या कमांडची यादी. बॅश साधारणपणे शेल बंद होताना ती फाइलमध्ये लिहितो. मशीन अचानक बंद पडलं तर त्या शेलमधल्या कमांड गेल्या. बॅशआरसीमध्ये (बॅशची कॉन्फिग फाइल) 'प्रॉम्प्ट_कमांड' या व्हेरिएबलला 'हिस्टरी -ए' द्या. दर कमांडनंतर नोंद होते. 'हिस्टसाइझ' आणि 'हिस्टफाइलसाइझ' दोन्ही लाखभर करा. 'हिस्टकंट्रोल'ला 'इग्नोअरबोथ' द्या, म्हणजे स्पेस देऊन सुरू केलेली कमांड साठत नाही. टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) असलेली ओळ अशीच, आधी स्पेस देऊन चालवावी. मग एफझेडएफ (यादीत शोधणारं साधन) बसवून कंट्रोल-आर, म्हणजे हिस्टरीत शोधायची की, त्याला जोडा. 'डॉकर लॉग्ज' एवढे दोन तुटक शब्द आठवले तरी महिन्यापूर्वीची लांब कमांड समोर येते. माझ्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचतो.

प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करण्याआधी दिसणारा मजकूर) तीनच गोष्टी ठेवा: फोल्डर, गिटची (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) ब्रँच आणि मागची कमांड फसली असेल तर तिचा एक्झिट कोड, म्हणजे यश-अपयश सांगणारा आकडा. प्रॉडक्शन सर्व्हरवर होस्टचं नाव लाल. याहून जास्त घातलंत तर दर एंटरला वाट पाहावी लागते. 'टाइम बॅश -आय -सी एक्झिट' देऊन शेल उघडायला किती वेळ लागतो तेही मोजा. रंगसंगती आवडेल ती घ्या. मराठी मजकुराची फाइल मात्र टर्मिनलमध्ये वाचू नका. तिथे अक्षरं ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवली जातात, त्यामुळे मात्रा आणि जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात. फाइल बरोबर असते, दिसते चुकीची. ती एडिटरमध्ये उघडा.

या सगळ्या कॉन्फिग फाइली एका गिट रिपॉझिटरीत ठेवा आणि होम फोल्डरमधून सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) द्या. ते काम जीएनयू स्टो नीट करतो. टोकन आणि पासवर्ड एका वेगळ्या फाइलीत, ती बॅशआरसीच्या शेवटी 'सोर्स' करा आणि तिचं नाव पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) घाला. नंतर काढलं तरी जुन्या कमिटमध्ये ते राहतंच.