श्रीलंका स्वस्तात फिरायचीय? आमच्या या चुका टाळा

जून महिना, दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचा बीच, लाल झेंडा फडफडतोय, समुद्र खवळलेला, अर्ध्या शॅक ताडपत्री बांधून बंद आणि मी नि माझा मावसभाऊ चार रात्रींचे पैसे आधीच भरून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. रूम एवढी स्वस्त कशी मिळाली हे बुक करताना आम्हाला आमची हुशारी वाटली होती, त्याचं खरं कारण तिथे बसल्यावर कळलं. होमस्टेवाल्या बाईंना आम्ही एव्हाना अक्का म्हणायला लागलो होतो (सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात). त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, आत्ता इकडे कशाला आलात, आत्ता त्रिंकोला, म्हणजे पूर्वेच्या त्रिंकोमालीला, जायचं असतं.

तर काहीच न वाचता निघालो ही आमची मूळ चूक, बाकीच्या सगळ्या तिचीच पिल्लं. भात, मासे, नारळ, रुपयेच चालतात, रेल्वे इंग्रजांनीच बांधलेली, म्हणजे थोडक्यात आपलं कोकण अधिक केरळ, मग कसला अभ्यास करायचा! युरोपला जाणारा माणूस सहा महिने आधीपासून वाचतो आणि श्रीलंकेला जाणारा तिकीट स्वस्त दिसलं की निघतो. पैसे तिथेच गळतात.

पावसाळा एक नाही, दोन आहेत

आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, विषय संपला. श्रीलंकेत साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून गॉल, मिरिस्सा, उनावटुना, हिक्काडुवा ही बाजू आणि डोंगराळ भाग झोडपतो, आणि त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे इथे मस्त ऊन असतं, आणि अरुगम बेच्या सर्फिंगच्या लाटा सोडल्या तर पाणीही शांत. डिसेंबरच्या आसपास बरोबर उलटं, ईशान्य मान्सून पूर्वेला आणि दक्षिण किनारा एकदम सीझनमध्ये. मिरिस्साचे देवमासेसुद्धा नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे देश सहसा वाईट नसतो, तुम्ही चुकीच्या बाजूला असता एवढंच.

तिकीट आधीच जून-जुलैचं काढलं असेल तर ते रद्द करायची गरज नाही. दक्षिण कट करा आणि कँडी, सिगिरिया (उंच खडकावरचा प्राचीन किल्ला) करून हबरणावरून बसने सरळ त्रिंकोला जा. त्रिंकोजवळच्या उप्पुवेली आणि निलावेलीला राहायला स्वस्त मिळतं, पण तिकडचा तोच सीझन असल्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ, कुठेही दुपारनंतर धो धो पडू शकतो, वर वादळांचाही सीझन. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दितवा चक्रीवादळाने डोंगराळ भागाची आणि तिथल्या रेल्वेची किती वाट लावली ते बातम्यांत बघितलंच असेल. तेव्हा खाली ट्रेनबद्दल जे लिहितोय ते वाचून लगेच हॉटेलं बुक करू नका, तुमच्या तारखेला कुठल्या स्टेशनपर्यंत गाड्या चालू आहेत ते आधी बघा.

नकाशात छोटा दिसतो म्हणून

महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा देश. आम्ही नऊ दिवसांत आठ ठिकाणं बसवली होती आणि एक्सेल शीट करून दोघांनी एकमेकांची पाठ पण थोपटली. कोलंबो ते कँडी जेमतेम ११५ किलोमीटर, म्हणजे पुणे-लोणावळा जाऊन-येऊन होईल एवढं, पण साध्या बसला तीन-साडेतीन तास आरामात लागतात, पुढे डोंगरात तर बस वळणावळणावर दम खाते. आणि खर्च बसचा नसतोच हो, बस फारच स्वस्त आहे! खर्च होतो तो प्रत्येक गावात उतरल्यावर बॅग घेऊन रूमवर जायच्या टुकटुकचा (तिकडची रिक्षा) आणि दुसऱ्या दिवशी परत स्टँडवर यायच्या टुकटुकचा. आठ ठिकाणं म्हणजे सोळा टुकटुक. वर एकेका रात्रीसाठी कोणी भाव कमी करत नाही, तीन रात्री राहतो म्हटलं की लगेच करतात. नऊ दिवसांना तीन मुक्काम, फार तर चार.

निळी ट्रेन आणि महागडं तिकीट

कँडी ते एल्ला, चहाच्या मळ्यांतून जाणारी डोंगरातली निळी ट्रेन. सगळ्यांना तोच दारात लटकलेला फोटो हवा असतो. रिझर्वेशन महिनाभर आधी सुटतं आणि सीझनला पटापट संपतं, मग स्टेशनबाहेर किंवा ऑनलाइन कोणीतरी तेच तिकीट कितीतरी पट भावाने विकत असतो. आम्ही एकदा तसं घेतलं. फर्स्ट क्लास एसी, म्हटलं जाऊ दे, एकदाच तर येतोय. गाडीत चढल्यावर कळलं की एसी डब्याच्या खिडक्या उघडतच नाहीत! सहा-सात तास काचेतून चहाचे मळे बघितले, काचेवर मागच्या पावसाचे ओघळ, फोटोत आमच्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब आणि शेजारच्या सेकंड क्लासमधून गाण्यांचा आणि हसण्याचा आवाज. जास्त पैसे देऊन कमी मजा विकत घेतली.

करायचं काय, तर सेकंड किंवा थर्ड क्लास रिझर्व्ह बघा. नाही मिळालं तरी बिनरिझर्वेशनचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, किंमत अगदी किरकोळ, पण गर्दी आपल्या विरार लोकलला लाजवेल अशी. त्यावर उपाय म्हणजे अख्खा प्रवास उभ्याने करू नका. नानु ओयापर्यंत बसने जा (नुवारा एलियाचं स्टेशन तेच) आणि तिथून पुढे एल्लापर्यंत ट्रेन घ्या, पट्टिपोळावरून जाणारा सुंदर टप्पा याच भागात येतो. किंवा उलट दिशेने या, बदुल्ला हे टोकाचं स्टेशन आहे, तिथे रिकामी गाडी लागते, दोन स्टेशनं मागे जाऊन बसायची युक्ती मुंबईकरांना शिकवायला नको. अजून एक, कोलंबोहून बदुल्लाला जाणाऱ्या सगळ्या गाड्या कँडी स्टेशनात शिरत नाहीत, काही पेरादेनिया जंक्शनवरूनच पुढे निघून जातात. तिकिटावरचं स्टेशनचं नाव नीट वाचा. आम्ही कँडीच्या प्लॅटफॉर्मवर निवांत वडे खात उभे होतो आणि स्टेशनातल्या एका काकांनी तिकीट बघून आम्हाला अक्षरशः पळवलं, पाचेक किलोमीटर टुकटुक पळवून गाडी मिळाली कशीबशी.

पासपोर्ट रूमवर सुरक्षित ठेवलाय

ही चूक सगळ्यात महाग पडली आणि सगळ्यात मूर्खपणाची होती. सिगिरियाला परदेशी लोकांचं तिकीट डॉलरमध्ये आणि चांगलंच तगडं असतं, पण सार्क देशांच्या नागरिकांना ते निम्म्याच्या आसपास पडतं, आणि आपण सार्कमध्ये आहोत. पोलोन्नरुवा, अनुराधपुरा या जुन्या राजधान्यांनाही सार्कचा वेगळा दर आहे. फक्त पासपोर्ट दाखवावा लागतो. आमचे पासपोर्ट दोन किलोमीटरवर रूममध्ये उशीखाली, आधार कार्ड खिशात, आणि आधार बघून खिडकीवरचा माणूस आपला गोड हसला. परत जाऊन आणेपर्यंत साडेनऊ वाजले, मग भर उन्हात बाराशेच्या आसपास पायऱ्या, आणि मागे शाळेच्या तीन सहली. सकाळी सातच्या आत गेटवर असाल तर अर्धं कष्ट वाचतं. ज्यांना तेवढेही पैसे द्यायचे नाहीत त्यांनी समोरच्या पिदुरंगला खडकावर चढा, तिकीट खूप कमी आणि तिथून अख्खी सिगिरिया समोर दिसते, शेवटी थोडं हातापायावर चढावं लागतं एवढंच. माझं मत विचाराल तर एकच करायचं असेल तर पिदुरंगला, पण ते कश्यप राजाच्या काळातलं चित्रांचं काम, म्हणजे पाचव्या शतकातलं, ते मात्र सिगिरियावरच बघायला मिळतं.

शाकाहारी म्हणून सांगितलं तरी

राइस अँड करी हे बजेटवाल्यांचं वरदान आहे. साध्या खानावळीत तिकडच्या चार-पाचशे रुपयांत भात, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, दोन-तीन भाज्या, पापड आणि पोल सांबोल. (तिकडेही पाटीवर 'हॉटेल' लिहिलं असलं तरी आत फक्त जेवण मिळतं, आपल्यासारखंच. हे एक साम्य मात्र खरं निघालं.) पण त्या पोल सांबोलमध्ये, म्हणजे ओल्या नारळाच्या लाल चटणीत, बऱ्याचदा उम्बलकड घातलेलं असतं, मालदीवचा सुकवलेला मासा, आपण सुकट घालतो तसा चुरून. भाजीतही असू शकतं. 'व्हेज' म्हटलं की मटण नाही एवढंच काहींना समजतं. त्यामुळे 'माळु एपा' म्हणजे मासा नको हे दोन शब्द पाठ करा, आणि अगदी कडक शाकाहारी असाल तर तमिळ लोकांचं शैव हॉटेल शोधा, कोलंबोत वेल्लवत्तेला आणि पेट्टाला आहेत, जाफना-त्रिंकोला तर प्रश्नच नाही. संध्याकाळी इंदिआप्पा मागवा, आपले शिरवाळेच की, फक्त रसाऐवजी डाळ आणि सांबोल.

आणि चहाच्या टपरीवर बसलात की न मागता मध्ये एक प्लेट येईल, रोल, कटलेट, वडे. ती फुकट नाही. जेवढं खाल तेवढं मोजून पैसे घेतात, नाही खाल्लं तर शून्य. मावसभावाला वाटलं चहासोबत आहे, त्याने पाच संपवले.

रुपये रुपयेच असतात ना?

नाही. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे साधारण साडेतीन. दोन दिवस आपण प्रत्येक गोष्टीला साडेतीनने भागतो, तिसऱ्या दिवशी डोकं थकतं आणि मग एकतर सगळं महाग वाटून उपाशी राहतो नाहीतर सगळं स्वस्त वाटून उधळतो. मी फोनच्या मागे एक चिठ्ठी चिकटवली होती, १०००, ५०००, १०००० चे आपले किती, बस. यूपीआय १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिकडे सुरू झालंय, मोठ्या दुकानांत लंकाक्यूआरचा (तिकडचा पेमेंटचा क्यूआर कोड) बोर्ड दिसला तर चालतं, पण बस कंडक्टर, होमस्टेची अक्का, नारळवाला यांना रोखच लागते आणि आपली नोट ते घेत नाहीत. एटीएममधून रोज थोडे थोडे काढू नका, दर वेळी चार्ज बसतो. मेनू कार्डवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजा वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स येणार, १८ टक्के व्हॅट आहे तिकडे, म्हणजे हजाराचं बिल थेट तेराशेच्या आसपास.

व्हिसाचं पण लगे हाथ सांगतो. ईटीए (ऑनलाइन प्रवेश परवाना) काढायची सरकारी साइट ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके ही आहे. सर्च केलं की वर जाहिरातीत तशाच दिसणाऱ्या साइट येतात आणि फॉर्म भरून द्यायचे भरपूर पैसे लावतात. भारतीयांना फी आहे की माफ हे २०२३ पासून बऱ्याचदा बदललंय, निघायच्या आधी सरकारी साइटवरच बघा.

बसमध्ये पुढची सीट रिकामी होती

लाल सरकारी बस, खचाखच भरलेली, आणि ड्रायव्हरच्या मागे चक्क दोन सीट रिकाम्या. मी जाऊन बसलो. कोणी काही बोललं नाही, फक्त सगळे बघायला लागले. पुढच्या स्टॉपला भगवी वस्त्रं घातलेले एक वयस्कर भन्ते चढले आणि कंडक्टरने माझ्या खांद्यावर नुसतं बोट ठेवलं. पुढच्या सीट भिक्खूंसाठी राखीव असतात, वर लिहिलेलंही असतं, आपण वाचत नाही. पुढचे दोन तास उभ्याने, आणि ते बरोबरच होतं.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं हा त्यांच्याकडे खरोखर अपमान समजला जातो, नुसता नियम म्हणून नाही. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर तो झाकून जा, २०१४ मध्ये एका ब्रिटिश बाईला त्यावरून परत पाठवलं होतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आणि पौर्णिमेची तारीख कॅलेंडरमध्ये मार्क करून ठेवा, प्रत्येक पौर्णिमा म्हणजे पोया, सरकारी सुट्टी. दारू बंद, बस-ट्रेन तुडुंब. कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीचा उत्सव, जुलै-ऑगस्टमध्ये असतो तेव्हा रूमचे भाव गगनाला, आणि १३-१४ एप्रिलच्या नववर्षाला दुकानंच बंद.

टुकटुकवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, पिकमी अॅप टाका, भाव आधी ठरवा, आणि कोणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला की मी तुमच्याच हॉटेलात काम करतो, आज देवळात हत्तींचा उत्सव आहे चला, तर हसून पुढे चला. आज ट्रेन नाही म्हणाला तर स्टेशनात जाऊन स्वतः विचारा.

बॅगेत तीन गोष्टी इथूनच न्या. सनस्क्रीन, तिकडे महाग आहे. ओडोमॉस, डेंग्यू असतो. आणि जाड मोजे. अनुराधपुराला रुवनवेलिसाय स्तूपाभोवती चप्पल काढूनच फिरायचं असतं, आम्ही दुपारी साडेबाराला पोचलो, दगड तव्यासारखा तापलेला, आणि पांढऱ्या साडीतल्या आज्जी शांतपणे फुलं घेऊन चालतायत तर आम्ही दोघं सावलीच्या पट्ट्यावरून सावलीच्या पट्ट्यावर उड्या मारतोय. त्यातल्याच एका आजीने हातानेच खूण केली, संध्याकाळी या.

संध्याकाळी गेलो, दगड कोमट होता.